फिनिश लाइनवरचे बाबा

वेगाने धावायला शिकणं म्हणजे बहुतेक वेळ बसून राहणं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी व्हॉलीबॉलला नाव घातलं असतं. तिथे निदान भांडायला पाचजणी मिळतात. लांब पल्ल्याच्या मुलीही घोळक्याने धावतात, धावता धावता अख्ख्या गावाची उणीदुणी काढतात. आम्हा शंभर मीटरवाल्यांच्या नशिबात ते नाही. एकदा जीव तोडून धावायचं आणि मग ताकद पूर्ण परत येईपर्यंत बाकावर गप्प बसायचं. दमलेल्या अंगाने धावलं की अंग हळू धावायलाच शिकतं, असं बाबांचं म्हणणं. आणि बसल्यावर बोलायचंही नाही, कारण बोलण्यात लक्ष जातं. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हा विश्रांती चालू होती, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

आमच्या घरात आम्ही दोघंच. आई दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलात नर्स आहे, वर्षातून दोनदा येते, आणि आली की पहिले दोन दिवस झोपते. बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात. फ्रेममध्ये काच केसाएवढी हलली तरी ती परत काढून बसवणारा माणूस. तरुणपणी तेही धावायचे. कुठपर्यंत पोचले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, यावरूनच काय ते समजावं. पहाटे दुकान उघडायच्या आधी आम्ही मैदानावर जायचो, संध्याकाळी मी एकटी व्यायाम करायचे, आणि रविवारी आईचा फोन यायचा.

त्या फोनबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या घरात कुणालाच बोलता येत नाही. आईने विचारायचं, "जेवलात?" बाबांनी म्हणायचं, "हो." मग फोनमध्ये नुसता आईच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा. अशा वेळी बाबांकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असायची, ती म्हणजे माझी त्या आठवड्यातली वेळ. "बारा-सहावर आली," ते म्हणायचे. तसा आईचा आवाज लगेच बदलायचा. "अगंबाई, म्हणजे कमी झाली ना?" शंभर मीटरमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण आकडा कमी होणं चांगलं, एवढं ती शिकली होती. पुढची पाच मिनिटं दोघं चक्क नवरा-बायकोसारखी बोलायची. मी भांडी विसळत ऐकत राहायचे.

मला क्रीडा वसतिगृहात जागा हवी होती. तिथे राहणं, शिक्षण, खरा ट्रॅक, खरे प्रशिक्षक आणि मुख्य म्हणजे सोबत धावायला मुली. प्रवेशाची अट साधी होती, चाचणीच्या दिवशी साडेबारा सेकंदांच्या आत यायचं. बारा-पाचला एक शतांश जरी जास्त झाला तरी घरी. त्यासाठी बाबांनी वर्षाची आखणी केली. आधी जोर, मग वेग. जोर म्हणजे कमरेला दोरी बांधून मागे टायर ओढत पळणं, पाण्याच्या टाकीकडच्या चढावर धावणं, लाकडी खोक्यावर दोन पायांनी आणि मग एका पायाने उड्या. सुटताना पहिल्या तीस मीटरमध्ये जमिनीला जो रेटा द्यायचा असतो, तो यातूनच येतो. मैदानावर सकाळी एका शाळेची पोरं यायची, ती मला टायरताई म्हणायची. मला राग यायचा, पण ती माझ्याशी बोलायची, म्हणून मी चालवून घेतलं.

वेळ घ्यायची आमची पद्धत अशी. पाय रेटायला जमिनीत ठोकलेल्या ब्लॉकमधून मी माझी मीच सुटायचे. बाबा शंभर मीटरवर फिनिश लाइनपाशी स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे, माझा मागचा पाय हलला की बटण दाबायचे आणि माझी छाती रेषेवर आली की पुन्हा दाबायचे. हाताने घेतलेली वेळ यंत्रापेक्षा नेहमी थोडी चांगली येते, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून बाबा प्रत्येक वेळेत पाव सेकंद वाढवून मगच आकडा सांगायचे. हातचं राखून ठेवायची त्यांची जुनी सवय. त्यामुळे बाबांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ, असं मी धरून चालले होते.

चाचणीच्या बऱ्याच आधी एका सकाळी त्यांनी पाव सेकंद वाढवूनही बारा-चार सांगितली. मला पळताना तसं काही वाटलं नव्हतं. पण चांगल्या बातमीची चौकशी कोण करतं? त्या रविवारी आई फोनवर हसली. बाबांनी सोमवारी टायर सोडला आणि शेडमध्ये ठेवून दिला. आता जोराचं काम झालं, म्हणाले, आता फक्त धार लावायची. म्हणजे थोड्याच पण भरधाव फेऱ्या आणि मध्ये लांबलचक विश्रांत्या. मी इतकी बसले की त्या बाकाच्या फळीवरचे सगळे खिळे मला ओळखू यायला लागले. बाबा पलीकडच्या टोकाला बसायचे, हातातलं घड्याळ रुमालाने पुसायचे, समोर बघायचे. एक माणूस तुमच्यासाठी रोज पहाटे उठतो, तुमच्यासाठी थंडीत उभा राहतो आणि तुमच्याशी बोलत नाही, हे किती एकटं करतं हे ज्याचं त्यालाच कळतं.

चाचणीत मला बारा-सात आली.

तिथे माणसं वेळ घेत नव्हती. सुरुवातीला बंदुकीला जोडलेलं यंत्र होतं आणि फिनिश लाइनवर दोन खांब, त्यात कॅमेरा. मी सुटले तेव्हाच मला कळलं की पहिल्या तीस मीटरमध्ये पायात रेटाच नाही. बाजूच्या मुली माझ्यापुढून अशा गेल्या की जणू मी बसथांब्यावर उभी होते. बाबा येताना बसमध्ये म्हणाले, वारा समोरून होता. मग म्हणाले, ट्रॅक नवा होता, सवय नाही. मग म्हणाले, यंत्रंसुद्धा कधीकधी बिघडतात. त्यांनी तीन कारणं दिली. जो माणूस एरवी आठवड्यात तीन वाक्यं बोलत नाही, त्याने तीन कारणं दिली म्हटल्यावर मला शंका आली.

उरलेल्या दोन जागांसाठी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी होती. माझं नाव त्यासाठी ठेवलं होतं. म्हणजे घोडं कुठे अडलंय ते शोधायला वेळ होता.

आम्ही पुन्हा मैदानावर गेलो आणि बाबांनी पुन्हा मला बारा-चार सांगितली. त्या पहाटे मी पळताना जाणून होते की ही बारा-चार नाही. ती बारा-चार असूच शकत नव्हती, कारण मधेच माझा पाय घसरला होता. दुसऱ्या दिवशी मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून फिनिश लाइनच्या कडेला ठेवला. सांगितलं की मला माझी धाव बघायची आहे, गुडघे नीट उचलते का ते. बाबा म्हणाले, "बघ." फोनमध्ये रेषाही दिसत होती आणि बाबांचा हातही. त्यांचं घड्याळ बटण दाबलं की टिट् असं वाजतं.

त्याच सकाळी शाळेच्या पीटीच्या बाईंनी हाक मारली, "चष्मेवाले काका, आमच्या दोन-चार पोरांच्या वेळा घेता का? माझं घड्याळ गेलंय." बाबांनी घेतल्या. फोन चालूच होता.

घरी आल्यावर बाबा दुकानात गेले आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ते चित्रण सावकाश करून बघितलं. शाळेची पोरं येताना टिट् बरोबर रेषेवर वाजत होतं. एक गोलमटोल मुलगा रेषेच्या आधीच चालायला लागला, तरी बाबा थांबले, त्याचं पोट रेषेवर आलं तेव्हाच बटण दाबलं. मग मी आले. माझ्या वेळी टिट् वाजलं तेव्हा मी अजून रेषेपासून एक ढांग लांब होते. मी पुन्हा बघितलं. मग आदल्या फेरीतलं बघितलं. तिथेही एक ढांग. त्यातल्या एका फेरीत बाबांचा चेहरा दिसत होता. ते रेषेकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. ये, ये, ये असं म्हणत असावेत.

मी गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं, ते पुसलं. मला रागच यायला हवा होता. त्या एका ढांगेपायी टायर शेडमध्ये गेला, जोर गेला आणि माझी जागा गेली. पण राग धरायचा कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुद्दाम खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बाबांना तर ठाऊकसुद्धा नव्हतं. त्यांना मी खरंच तेवढ्यात पोचलेली दिसत होते. रडू आलं ते याचंच. माझ्या बाजूने इतकं कुणीतरी आहे, आणि त्यानेच माझं वाटोळं होतंय.

त्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न मी आठवडाभर घोळवला. ज्याच्याकडे मुलीला द्यायला फक्त तो एक आकडा आहे, त्याच्या हातून घड्याळ काढून घ्यायचं. शेवटी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं.

"बाबा, माझा स्टार्ट कच्चा आहे," मी म्हणाले. "तुम्ही ब्लॉकपाशी उभे राहा. हात खाली करून मला सोडा आणि पाय बघा."

"मग वेळ?"

"बाई घेतील. त्यांचं घड्याळ दुरुस्त झालंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "घेऊ दे," ते म्हणाले आणि घड्याळ खिशात ठेवून शंभर मीटर चालत माझ्या टोकाला आले.

पीटीच्या बाईंना माझ्या वेळेचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. त्या माझ्याकडे बघताना अर्धं लक्ष पोरांकडे ठेवायच्या, बटण दाबायच्या, "बारा-पाच" म्हणायच्या आणि कुणाला तरी "ए, ती लांब उडीची वाळू खाऊ नकोस" म्हणून ओरडायला वळायच्या. पाव सेकंद मी मनातल्या मनात वाढवायचे. म्हणजे पावणेतेरा. पहिल्या दिवशी मी तो आकडा घेऊन परत चालत आले. बाबा ब्लॉकपाशी वाकून बसले होते.

"किती?"

"वाढवून बारा-पंच्याहत्तर."

आम्ही बाकावर बसलो. विश्रांती सुरू झाली. पाखरं ट्रॅकवर उतरली, पुन्हा उडाली. आणि मग बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला.

"माझा अंगठा लवकर पडतो का गं?"

मी स्पाइक्सच्या नाड्यांकडे बघत राहिले. "हो."

"किती?"

"एक ढांग."

"त्या पोरांच्या वेळी?"

"तेव्हा नाही."

त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, बटण दाबून आकडे पळवले, थांबवले, पुन्हा शून्यावर आणले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मी बोलावं असंही वाटलं, की असू द्या बाबा, त्यात काय एवढं. पण त्यात खूप काही होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"टायर काढतो शेडमधून," ते म्हणाले. "चल ऊठ, अंग गार होईल."

त्या रविवारी आईचा फोन आला. जेवलात, हो. बाबांनी फोन माझ्याकडे दिला. "वेळ आता हीच सांगेल," ते म्हणाले आणि गॅलरीत गेले. मी आईला बारा-पंच्याहत्तर सांगितली. "म्हणजे वाढली?" आई म्हणाली. मी म्हटलं, वाढली नाही, आधीपासून तेवढीच होती. तिला कळलं नाही. कळलं असतं तरी काय बोलणार होती. ड्यूटी बदलली आहे, असं तिने सांगितलं, मी बरं म्हटलं. बाबा गॅलरीतून आत आले तोवर फोन संपला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी टायर, एक दिवसाआड चढ, खोक्यावरच्या उड्या. एका पायावर उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, टाच टेकवायची नाही. बाबा वाकून फक्त माझे पाय बघायचे. "जमीन मागे ढकल. पुढे जायचं बघू नकोस, मागे ढकल," एवढंच पुन्हा पुन्हा. काम चांगलं चाललं होतं. मीच कुठेतरी रिकामी झाले होते. आधी मी धावायचे तेव्हा समोर कुणीतरी उभं असायचं. शंभर मीटर म्हणजे बाबांपर्यंतचं अंतर, असं माझ्या पायांना ठाऊक होतं. आता मी सुटले की बाबा मागे राहायचे आणि पुढे बाई असायच्या, त्याही पाठमोऱ्या. रेषा ओलांडल्यावर थांबायला होतं तेव्हा श्वास लागलेला असतो, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावासा वाटतो. मी माझ्याच गुडघ्यांवर ठेवायचे.

पण आकडा खाली आला. बारा-सात, बारा-सहा. फसवून नाही, सावकाश खाली आला. आईला सांगताना मी शतांशसुद्धा सोडले नाहीत.

दुसऱ्या चाचणीला बाबा आले. सगळ्यांचे आईबाप फिनिश लाइनच्या जाळीला चिकटून उभे होते, हातात पाणी, टॉवेल, फोन. बाबा तिकडे गेले नाहीत. ते सुरुवातीच्या टोकालाच जाळीपलीकडे थांबले. मी ब्लॉक लावले, मागच्या पायाची पट्टी एक घर पुढे घेतली. बंदूक उडाली. मी जमीन मागे ढकलली, आणि या वेळी जमिनीने ऐकलं. तीस मीटरपर्यंत माझ्या पुढे कुणी नव्हतं. नंतर एक मुलगी पुढे गेली, दुसरी बरोबरीला आली, पण आता त्याने फरक पडत नव्हता. मला त्या दोन खांबांमधून जायचं होतं, बस्स.

फळ्यावर आकडे यायला वेळ लागला. बारा-एकोणपन्नास. जागा होत्या दोन आणि मी दुसरी होते.

मुलींचे आईबाप जाळीवरून वाकून त्यांना मिठ्या मारत होते. एका बाईने मलाही पाठीवर थोपटलं, कुणाची होती कोण जाणे. मी स्पाइक्स न काढताच कडेकडेने शंभर मीटर परत चालत गेले. बाबा तिथेच होते, पण ट्रॅककडे पाठ करून. समोर पार्किंग होतं, तिकडे बघत उभे होते. दोन्ही हात खिशात.

"बाबा."

ते वळले. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न केला नाही, थेट विचारलं, "यंत्राने किती दिली?"

"बारा-एकोणपन्नास. घेतलं मला."

त्यांनी मान हलवली. मग आणखी एकदा हलवली.

"तुम्ही बघितलं नाहीत?"

"नाही." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "मी बघितलं की तू मला आधीच पोचलेली दिसतेस. म्हटलं, आज नको."

मी जाळीतून बोटं घातली. त्यांनी ती धरली. जाळीच्या भोकातून चार बोटांपलीकडे काही मावत नव्हतं. मला सांगायचं होतं की मी येते दर महिन्याला, की तिकडेही बाक असेल आणि मी त्यावर बसेन तेव्हा तुम्ही पलीकडच्या टोकाला बसला आहात असं धरून चालेन. पण आमच्या घरात कुणालाच बोलता येत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

"सोमवारपासून तिथेच राहायचंय," मी म्हणाले. "सामान घेऊन रविवारी सकाळीच निघावं लागेल. वेळा आता तिथले प्रशिक्षक घेतील आणि तिथेच नोंदून ठेवतील."

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. पार्किंगमधून एक गाडी मागे येत होती, ती निघून जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. माझी बोटं अजून त्यांच्या हातात होती.

"मग रविवारी," त्यांनी विचारलं, "आईशी मी काय बोलू?"